शिंपला नदीत शोभतो, पाइपात नाही



विष्णुपुरीच्या जलाशयातून असो की मांजरेच्या बॅरेजवरून, पुष्कळांनी लांबलचक पाइपलाइन टाकून शिवारात पाणी आणले आहे. मोटर नीट चालते, पण धार बारीक, आणि शेवटच्या सरीतला ऊस सुकतो. फिल्टर उघडून पाहावे तर गाळ, आणि त्यात चिंचोक्याएवढे शिंपले! जाळी तर शाबूत आहे. मग हे आले कोठून?

नदीतल्या या शिंपल्याचे पिल्लू जन्मतः पाव मिलिमीटरच्या आसपास असते. फुटव्हॉल्व्हची जाळी त्याला अडवीत नाही. आपला फिल्टर मात्र शेताच्या तोंडाशी असतो. म्हणजे नदीपासून तेथपर्यंतची सारी पाइपलाइन त्याला मोकळी. जेथे पाणी संथ आणि तळाला गाळ, तेथे ते वाढते. मेल्यावर रिकाम्या शिंपल्या पुढच्या पाळीला वाहत येऊन व्हॉल्व्हमध्ये आणि फिल्टरपाशी अडकतात.

कॉर्बिक्युला कुळातले हे शिंपले आपल्या नद्यांचे जुने रहिवासी आहेत. ते पाणी गाळतात. पण त्यांचाच एक आशियाई भाऊबंद अमेरिकेत गेला. १९३८ मध्ये तो कोलंबिया नदीत जिवंत आढळला. पुढे कॅलिफोर्नियाच्या कालव्यांत साचला, आणि १९८० मध्ये नळ तुंबवून त्याने आर्कान्सातले अणुवीज केंद्र बंद पाडले. तेव्हा शिंपला लहान म्हणून दुर्लक्ष करू नका.

उपाय साधे आहेत. फुटव्हॉल्व्ह तळाच्या गाळात टेकू देऊ नका. दोन-तीन फूट वर ठेवा. पाइपलाइनच्या सखल जागी वॉशआउट व्हॉल्व्ह बसवा आणि दर पाळीच्या आरंभी तो उघडून पाणी निवळेपर्यंत जोरात सोडा. पाळ्या संपल्या की लाइन पूर्ण रिकामी करा व महिनाभर कोरडी राहू द्या.

ब्लीचिंग पावडरच्या एका मात्रेवर मात्र विसंबू नका. तिने शेवाळ मरेल, पण शिंपला कवच मिटून दिवसच्या दिवस तग धरतो. आणि कीटकनाशक पाण्यात ओतण्याचा विचारही नको. विष्णुपुरीचे पाणी नांदेडकर पितात, मांजरेचे लातूरकर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

पुढच्या पाळीला मोटर सुरू करण्याआधी एवढे करा: फिल्टर उघडा आणि तळाशी काय साचले आहे ते हाताने चाचपून पाहा.