भेंडीचा तारा, पाच रुपयांचं तिकीट

नाताळचं पहिलं छापील भेटकार्ड निघालं १८४३ साली, लंडनमध्ये. हेन्री कोल यांनी ते काढलं आणि चित्र काढलं जॉन हॉर्सली यांनी. किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. तिथे १८४० पासून साध्या पत्राला एक पेनी टपालखर्च पडायचा. म्हणजे कार्ड तिकिटाच्या बारापट महाग! साध्या माणसाला ते कसं परवडणार?

आपण उलटं करू. कार्ड घरचं, खर्च फक्त तिकिटाचा.

कोवळी भेंडी आडवी कापा. काप रंगात बुडवून कागदावर ठसा उमटवा. पाच टोकांचा नाताळचा तारा तयार! (उरलेली भेंडी आईला परत द्या, भाजी होईल.) ठसे नीट वाळू द्या, नाहीतर घडी घालताना चिकटतील.

आपल्याकडे वीस ग्रॅमपर्यंतच्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट लागतं. ए-फोर ड्रॉइंग पेपरचा अर्धा भाग आणि साध्या कागदाचं पाकीट मिळून बहुधा बारा ग्रॅमच्या आतच बसतात. टिकल्या, आरसे, बटणं चिकटवलीत तर मात्र वजन वाढलंच!

पन्नास रुपये असतील तर दहाच पत्रं. मग यादीत कोण? शेजारच्यांना हातानंच द्या. तिकीट ठेवा लांबच्यांसाठी: वसईची आजी, गोव्याची मावशी. आणि नुसतं ‘शुभेच्छा’ नको हं, घरची एक तरी बातमी लिहा. धाकट्याचा दात पडला, एवढीसुद्धा चालेल.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच पेटीत टाका, पिनकोड घालून. नाहीतर तुमचा तारा उगवायचा जानेवारीत!