जेट एअरवेज उड्डाण ६९७

जेट एअरवेज उड्डाण ९डब्ल्यू ६९७ हे मुंबईहून जयपूरला जाणारे देशांतर्गत प्रवासी उड्डाण होते. २० सप्टेंबर २०१८ रोजी पहाटे मुंबईहून निघालेल्या या बोइंग ७३७ विमानात १६६ प्रवासी व ५ कर्मचारी होते. विमान उंची गाठत असताना आतील हवेचा दाब घटला, प्राणवायूचे मुखवटे खाली आले आणि सुमारे ३० प्रवाशांच्या नाकातून, काहींच्या कानातून रक्त आले. अनेकांना तीव्र डोकेदुखी झाली. विमान मुंबईला परत आणून सुखरूप उतरविण्यात आले. केबिनमधील दाब राखणारी कळ चालू करण्यास वैमानिक विसरले, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, त्याच दिवशी सांगितले. उड्डाणपूर्व कार्यपद्धतीतील वैमानिकांच्या चुका या विषयात भारतातील ही घटना वारंवार उद्धृत केली जाते.

घटनाक्रम

त्या काळात जेट एअरवेजची मुंबईतील देशांतर्गत उड्डाणे अंधेरी पूर्वेकडील सहार येथील टर्मिनल २ वरून होत. कंपनीचे मुख्य कार्यालयही जवळच, सहार विमानतळ मार्गावर होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात प्रवाशांना कान दुखू लागल्याचे जाणवले व मुखवटे खाली आले. प्रवाशांनी भ्रमणध्वनीवर टिपलेली चित्रे दुपारपर्यंत देशभर पसरली आणि एरवी तांत्रिक अहवालातच राहिली असती अशी बाब घरोघरी चर्चेची झाली.

परतल्यावर जखमींवर विमानतळावरच उपचार झाले. काहींना विलेपार्ले येथील नानावटी रुग्णालयात तपासण्यात आले. तेथे त्यांच्या कानांना दाबातील फरकामुळे इजा झाल्याचे व ऐकू येणे तात्पुरते कमी झाल्याचे आढळले. मृत्यू कोणाचाही झाला नाही.

ब्लीड कळ म्हणजे काय

जेट विमानाच्या इंजिनात बाहेरची हवा ओढून दाबली जाते. या दाबलेल्या, तप्त हवेचा काही भाग ज्वलनापूर्वीच बाजूला काढून घेतात. त्याला 'ब्लीड एअर' म्हणतात. ती वातानुकूलन यंत्रणेत थंड होऊन प्रवासी कक्षात येते व शेपटीकडील एका झडपेतून मोजून बाहेर सोडली जाते. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांचा तोल साधला की आतील दाब टिकतो. बोइंग ७३७ मध्ये प्रत्येक इंजिनासाठी एक ब्लीड कळ असून त्या वैमानिकांच्या डोक्यावरील फलकावर असतात. दोन्ही बंद राहिल्या तर इंजिनांची हवा आत येतच नाही, आणि विमान चढेल तसा आतील दाब बाहेरच्या विरळ हवेच्या दिशेने घसरत जातो.

यंत्रणा नीट चालू असताना विमान ३५,००० फुटांवर असले तरी प्रवाशांच्या शरीराला सुमारे ८,००० फुटांचीच, म्हणजे साधारण २,४०० मीटरची उंची जाणवते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे सामान्य विमानप्रवासातही शरीर महाराष्ट्रातील सर्वोच्च स्थानाहून बरेच वर नेलेले असते, पण त्यास ते सोसते. लेहच्या, म्हणजे साधारण ३,५०० मीटरच्या उंचीवर एकाएकी नेऊन सोडले तर मात्र सोसत नाही. मधल्या कानातील व नाकाभोवतीच्या पोकळ्यांतील हवा दाब बदलताच प्रसरण वा आकुंचन पावते. घाट चढताना वेफर्सचे पाकीट फुगते, तसाच हा प्रकार. ही हवा कानातून घशाकडे जाणाऱ्या यूस्टेशियन नलिकेतून मोकळी होऊ शकली नाही, विशेषतः सर्दी असताना, तर पडद्यावर व नाजूक रक्तवाहिन्यांवर ताण येतो.

ब्लीड कळा बंद असणे ही स्वतः चूक नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. उष्ण दिवशी, जड विमान घेऊन उडताना इंजिनाची सारी शक्ती हवी असल्यास त्या हेतुपुरस्सर बंद ठेवून उड्डाण करतात व नंतर चालू करतात. दुरुस्तीच्या वेळीही त्या बंद केल्या जातात. त्यामुळे बंद कळ नजरेला विचित्र वाटतेच असे नाही.

चूक कोठे पकडली जायला हवी होती

उड्डाणापूर्वी एक वैमानिक विमानाभोवती फिरून चाके, इंजिने, पंख व संवेदक पाहतो. कॉकपिटमध्ये सर्व कळा ठराविक क्रमाने योग्य स्थितीत आणल्या जातात. हे काम स्मरणाने होते. नंतर तपासणीसूची, म्हणजे चेकलिस्ट, मोठ्याने वाचली जाते. एकाने बाब उच्चारायची, दुसऱ्याने प्रत्यक्ष पाहून उत्तर द्यायचे. सूची हे काम करण्याचे साधन नव्हे. झालेले काम पडताळण्याचे साधन आहे.

बोइंग ७३७ च्या उड्डाणोत्तर सूचीतील पहिलीच बाब इंजिन ब्लीड ही असते. म्हणजे जमिनीवर निसटलेली कळ हवेत लगेच सापडावी अशी योजना आहे. तीही चुकली तर प्रवासी कक्षातील दाब १०,००० फुटांच्या पातळीस पोहोचताच कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो. त्यानंतर, दाब १४,००० फुटांच्या पातळीस गेला की मुखवटे आपोआप सुटतात. मुखवटे सुटले तेव्हा आधीचे प्रत्येक कुंपण ओलांडले गेले होते. ३० जणांचे रक्त एका कळीमुळे सांडले असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ती कळ पाहण्याची प्रत्येक संधी हुकली, हे अधिक अचूक ठरेल.

सवयीचा धोका

असफ देगानी व अर्ल वीनर यांनी १९९० मध्ये नासासाठी केलेला तपासणीसूचींचा अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. वैमानिक अनेकदा सूची पाठ असल्याने स्मरणातून म्हणतात, दोन-तीन बाबी एका दमात उरकतात, किंवा कळीकडे पाहूनही तिची खरी स्थिती त्यांना दिसत नाही, कारण ती योग्य असणार हे मनाने आधीच ठरविलेले असते. पाढे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे ओठ बरोबर चालतात आणि मन खिडकीबाहेर असते, त्यातलाच हा प्रकार. शिवाय व्यत्यय येतात. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर सूची अर्धी झाली असता नियंत्रण कक्षाचा संदेश किंवा जमिनीवरील कर्मचाऱ्याचा प्रश्न येतो, आणि पुन्हा सुरुवात करताना एखादी ओळ गळते.

अनुभवी माणूस अशा चुकीपासून मुक्त असतो, हा समज खरा नाही. चेकलिस्टचा जन्मच त्या समजाच्या पराभवातून झाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे नवे बॉम्बफेकी विमान कोसळले. जमिनीवर वाऱ्यापासून संरक्षणासाठी नियंत्रक पृष्ठभागांना लावलेली खीळ काढायची राहून गेली होती, आणि विमान चालविणारे लष्कराचे निष्णात चाचणी वैमानिक होते.

तत्सम घटना

सर्वांत जवळची व सर्वांत भीषण घटना सायप्रसच्या हेलिऑस एअरवेजची आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी तिच्या बोइंग ७३७ चे उड्डाण ५२२ अथेन्सजवळ कोसळून सर्व १२१ जण मृत्यू पावले. आदल्या रात्रीच्या तपासणीत दाबनियंत्रकाची कळ 'मॅन्युअल'वर ठेवली गेली होती. वैमानिकांना ती उड्डाणापूर्वी व उड्डाणानंतरही दिसली नाही. भोंगा वाजला, पण जमिनीवर विमानाची मांडणी चुकीची असल्यास वाजणाऱ्या भोंग्याचा आवाजही तोच असल्याने त्यांचा गैरसमज झाला. प्राणवायूअभावी ते बेशुद्ध झाले व स्वयंचलित यंत्रणेवर उडत राहिलेले विमान इंधन संपताच पडले. ३५,००० फुटांवर प्राणवायूवाचून सुज्ञ निर्णय घेण्यास मनुष्याला जेमतेम ३० ते ६० सेकंद मिळतात. पुढे बोइंग ७३७ मध्ये या दोन इशाऱ्यांसाठी वेगळे दिवे बसविण्यात आले.

अमेरिकेतील डेट्रॉइट येथे १६ ऑगस्ट १९८७ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या वैमानिकांनी सूची न वाचल्याने पंखांच्या झडपा उघडल्याच गेल्या नाहीत. त्या अपघातात १५६ जण दगावले. भारतात २२ जुलै २०१७ रोजी कोलकात्याहून मुंबईस निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाची चाके उड्डाणानंतर आत घेण्याचेच राहिले. विमान नीट वेग व उंची घेईना, इंधन भराभर संपू लागले आणि ते नागपूरला उतरवावे लागले. कोणास इजा झाली नाही, म्हणून ही हकिकत विनोदासारखी सांगितली जाते; पण विसर पडण्याची रीत तीच आहे.

नंतरच्या घडामोडी

उड्डाण ६९७ च्या दोन्ही वैमानिकांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवण्यात आले व तपास केंद्र सरकारच्या विमान अपघात तपास संस्थेकडे गेला. जेट एअरवेज त्या वेळी आर्थिक अडचणीत होतीच. १७ एप्रिल २०१९ रोजी तिने आपली सर्व उड्डाणे स्थगित केली.