दिवसा थ्री फेज

पौषातल्या थंडीत गव्हाला पाणी द्यायचं आणि पाळी नेमकी रात्रीची. महाराष्ट्रातल्या कृषिपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा ८ तास, तर काही दिवस रात्री १० तास. रात्रीच्या पाळीत एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं घेऊन दारं धरायची. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. बांधावर सापाची भीती आणि जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्याची.

मोटारींच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावलेले असतात. गेलेली वीज परत आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्यांचा भार डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, येतो. मग फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. डीपी बदलून मिळेपर्यंत पीक माना टाकतं. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आहे. तरी शेतकरी तो काढत नाही, कारण दोनला गेलेली वीज तीनला आली, तर त्या काळोखात विहिरीपर्यंत जायचं कोणी?

शेतीच्या वाट्याला रात्र आली ती विजेच्या हिशेबातून. कोळशाचे संच मनात येईल तेव्हा बंद-चालू करता येत नाहीत. दिवसा कारखाने आणि शहरं वीज ओढतात, मध्यरात्री मागणी घटते. शिल्लक राहणारी ती वीज शेतीकडे वळवली गेली. त्यासाठी गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्यात आले. भारनियमनाच्या काळात सरकारने या कामावर बराच पैसा खर्च केला. गावात दिवे चालू ठेवून शेतीची वीज तोडता यावी, हा त्यामागचा उद्देश होता. आज मात्र त्याच वेगळ्या तारांमुळे एक मोठा बदल शक्य झाला आहे. फीडरवर फक्त पंप असतील, तर उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून तो फीडर दिवसा चालवता येतो. सूर्य असताना वीज तयार होते आणि पंपालाही तेव्हाच चालायला हरकत नसते. गिरणीला किंवा दवाखान्याला सूर्याची वेळ पाळता येत नाही. पिकाच्या पाण्याला ती पाळता येते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जून २०१७मध्ये आली. राळेगणसिद्धी हे तिच्या सुरुवातीच्या गावांपैकी एक. पुढची पाच-सहा वर्षं काम रखडतच चाललं. फेब्रुवारी २०२२मध्ये राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयापुढे धरणं धरलं. मागणी एकच होती, दिवसा १० तास वीज. एप्रिल २०२३मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि पैशाचं गणित बदललं. जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये झालं, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख रुपये ठरले. मार्च २०२४मध्ये सुमारे ९ हजार मेगावॉटची कामं सोपवली गेली, पुढे उद्दिष्ट १६ हजारांवर गेलं. या आवृत्तीतला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावी उभा राहिला. तो अवघा ३ मेगावॉटचा आहे.

हा बदल हवामानाच्या काळजीतून झाला नाही आणि त्यामुळेच तो टिकेल, असं मला वाटतं. सौर प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, तीही २५ वर्षांच्या करारावर. शेतीला आजवर पुरवलेल्या विजेचा खर्च याच्या दुपटीहून जास्त होता. शेतकऱ्याच्या बिलातून त्यातला थोडाच वसूल व्हायचा. उरलेला बोजा उद्योगांच्या वाढीव दरावर आणि राज्याच्या तिजोरीवर पडायचा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४पासून बिलच माफ आहे. त्यासाठीची वार्षिक तरतूद १४,७६० कोटी रुपयांची. दिवसाची स्वस्त वीज मिळाली नाही, तर हा खर्च राज्याला फार काळ पेलणार नाही.

खरी चिंता पाण्याची आहे. राज्याचा चार पंचमांश भूभाग काळ्या कातळाचा. त्याच्या भेगांत पाणी मुरतं थोडं आणि संपतं लवकर. फीडरवरच्या पंपाला निदान आठ तासांची मर्यादा असते. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत दहा टक्के रक्कम भरून मिळणारा पंप मात्र ऊन असेपर्यंत उपसा करू शकतो, तोही फुकट. राळेगणच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने यावर फार पूर्वीच उत्तर शोधलं आहे. तिथे सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आहे. दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. सौर फीडर देताना त्या गावाकडून असा ताळेबंद मागायला हवा. योजनेत ही अट घालणं अवघड नाही.

संध्याकाळी सौर वीज थांबते आणि घराघरांत दिवे लागतात, तेव्हा आजही भिस्त कोळशावरच. २,९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं केंद्र लगेच बंद होणार नाही. पाणी वर चढवून साठवणारे घाटघरसारखे प्रकल्प वाढले, तरच संध्याकाळची ही गरज भागेल. घाटघरची क्षमता २५० मेगावॉट आहे.

आणि जमीन? प्रकल्पांसाठी सरकारी जमिनींना प्राधान्य आहे. त्यांत गायरानंही येतात. मराठवाड्यात दलित आणि भूमिहीन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गायरानं कसत आली आहेत. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून सव्वा लाखाच्या भाड्यावर त्यांचा हक्क नाही. पंचायतीला मिळणाऱ्या पैशातूनही त्यांच्या हाती काही पडेल याची हमी नाही. तिथे कोण कसतं, कोणाची जनावरं चरतात, याची पाहणी निविदेआधी ग्रामसभेत व्हावी. जे कसतात त्यांना भाड्यात वाटा मिळावा आणि पट्ट्याचा दावा प्रलंबित असेल, तिथे त्याचा निकाल लागेपर्यंत पॅनेलचे खांब रोवू नयेत.