दारचा दिवा आणि मृगाच्या चांदण्या

आपला नरखेड तालुका संत्र्यांचा. मोवाडला जा, जलालखेड्याला जा, सावरगावला जा, वाटेत संत्र्याचे बगीचे लागतातच. संत्र्याचे बहार मुख्य दोन. थंडीच्या शेवटी फुलतो तो आंबिया बहार. पावसाच्या तोंडाशी फुलतो तो मृग बहार.

हे मृग नाव आले आकाशातून. मृग म्हणजे हरिण. आपल्या पूर्वजांनी चांदण्यांच्या एका पुंजक्याला हे नाव दिले. दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास सूर्य या नक्षत्रात येतो. तेव्हा आपण म्हणतो, "मिरग लागला." मृग बहार आपण जाणतो. पण मृगाच्या चांदण्या तुमच्या पोरांनी पाहिल्या आहेत काय?

समजा, एक घर आहे. डिसेंबरचा महिना, रात्रीचे नऊ वाजलेले. आजी आणि नातू अंगणात बसले आहेत.

"आजी, मिरग कुठी दिसते वं? गुरुजींनी पाहून या म्हटलं."

"तिकडं पाह्य, उगवतीकडं. तीन चांदण्या एका रांगेत असतात. पण आता काही दिसत नाही बाप्पा."

"काहून?"

"हा दारचा दिवा डोळ्यांतच घुसते. दिसंल कसं?"

नातू उठला. त्याने बटन बंद केले. दोघे थोडा वेळ गप्प बसले. डोळे अंधाराला सरावले. मग एकेक चांदणी दिसू लागली. आधी व्याध, तो फार तेजस्वी. मग तीन चांदण्यांचा बाण. मग मृगाचे चार पाय.

आजी म्हणाली, "आमच्या वेळी चिमणी होती. रॉकेल कंट्रोलातून मोजून मिळे. काम झालं का वात खाली करायची. निजताना फुंकर मारायची. आता बटन दाबलं का उजेड. म्हणून तो फुकट वाटते."

उजेड खरेच फुकट आहे काय? पाहू या.

वीज कशी येते?

आपल्या नागपूर जिल्ह्यात कोराडी आणि खापरखेडा येथे मोठी वीजकेंद्रे आहेत. तिथे कोळसा जाळतात. त्या आगीवर पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने मोठी चक्री फिरते आणि वीज तयार होते. तारांवरून ती गावोगाव जाते. एक युनिट वीज करायला अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. त्याचा धूर हवेत जातो. राख मागे उरते, ती कुठेतरी साठवावी लागते. शिवाय पाणी लागते ते वेगळेच. दारचा दिवा उगाच जळतो, तेव्हा दूर कुठेतरी कोळसाही उगाच जळतो.

एक युनिट म्हणजे किती?

प्रत्येक बल्बवर वॅटचा आकडा छापलेला असतो. १००० वॅटचे यंत्र एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. आता हिशेब करू.

जुना पिवळा बल्ब ६० वॅटचा. तो दारात रात्रभर, म्हणजे १२ तास, जळतो. ६० गुणिले १२ म्हणजे ७२०. हे पाऊण युनिटाला थोडे कमी झाले. ३० रात्रींचे झाले २१.६ युनिट.

त्या जागी ९ वॅटचा एलईडी लावा. उजेड जवळपास तेवढाच पडतो. पण १२ तास जाळला, तर ३० रात्रींचे होतात ३.२४ युनिट. तोच एलईडी गरजेपुरता चारच तास जाळला, तर होते एक युनिट आणि वर थोडेसे.

कुठे साडेएकवीस आणि कुठे एक! पहिली बचत बल्ब बदलल्याने झाली. दुसरी बचत बटन बंद केल्याने झाली. दुसरीला पैसा लागत नाही.

पंख्याचेही असेच आहे. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. रोज १० तास फिरला, तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात. नव्या कमी विजेच्या पंख्याला ३० वॅटच्या आसपास पुरतात. त्याचे महिन्याला ९ युनिट होतात. जुना पंखा बिघडला आणि नवा घ्यायची पाळी आली, तर वॅटचा आकडा वाचून घ्या. खोक्यावर तारे छापलेले असतात. तारे जास्त, तर वीज कमी.

स्वस्त दिव्याचा धोका

एलईडी आला आणि उजेड स्वस्त झाला. मग लोक काय करू लागले? एकाच्या जागी चार दिवे लावू लागले. गोठ्यावर दिवा, गच्चीवर दिवा, फाटकावर मोठा फोकस. तोही पांढराफटक आणि रात्रभर. एका हाताने वाचवले आणि दुसऱ्या हाताने उधळले.

या उजेडाचा पुष्कळ भाग जमिनीवर पडतच नाही. तो आडवा जातो, वर जातो. हवेतल्या धुळीवर पडून आकाश फिके करतो. नको तिथे, नको तेव्हा आणि नको तितका पडणारा उजेड म्हणजे प्रकाश-प्रदूषण. सांडपाण्याची घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. ही घाण उजेडाची आहे, म्हणून ती आपल्या ध्यानात येत नाही.

तिचे नुकसान काय? अंधार पडला की आपल्या शरीरात मेलाटोनिन नावाचा रस वाढतो. तो शरीराला सांगतो, झोपेची वेळ झाली. डोळ्यांवर पांढरा उजेड असला, की हा रस कमी सुटतो. मग झोप नीट लागत नाही. किडे, पाखरे दिव्याभोवती फिरून फिरून मरतात. यांतली काही पाखरे रात्री फुलांवर जाऊन फळधारणेला मदत करतात. काजवे आपला जोडीदार उजेडाच्या खुणेने शोधतात. मोठ्या दिव्यापुढे त्यांची खूण हरवते.

मग अंधारात राहायचे काय?

नाही. पावसाळ्यात साप-विंचू निघतात. बाया-माणसांना रात्री बाहेर जावे लागते. शेतकऱ्याला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला बगीच्यात जावे लागते. वाटेवर उजेड हवाच. फक्त तो वाटेवर पडायला हवा, डोळ्यांत नको.

हे तुम्हीही अनुभवले असेल. समोरून मोटारसायकल येते. तिचा दिवा डोळ्यांवर पडतो. उजेड तर भरपूर असतो, पण रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही. उघड्या फोकसचे तसेच आहे. त्याच्या झगमगाटात मागच्या सावलीत कोण उभे आहे, ते कळत नाही. वरून झाकलेला, खाली तोंड केलेला साधा दिवा लावा. मग पायाखालचे नीट दिसते, आणि कमी वॅटमध्ये भागते.

हे आपल्या जिल्ह्यात झाले आहे

रामटेककडे पेंचचे जंगल आहे. तिथे वाघांसाठी राखीव क्षेत्र आहे. या जंगलालगत वाघोडा, सिलारी, पिपरिया आणि खापा ही गावे आहेत. या गावांतले शंभरावर दिवे बदलले. नव्या दिव्यांची तोंडे खाली केली. गावे अंधारात बुडाली नाहीत. वाटेवर उजेड राहिला आणि वर आकाश काळेभोर झाले. रात्रीचे आकाश जपण्याचे काम करणारी एक संस्था अमेरिकेत आहे. तिने जानेवारी २०२४ मध्ये पेंचला 'डार्क स्काय पार्क', म्हणजे गडद आकाशाचे उद्यान, म्हणून मान्यता दिली. असा मान मिळालेले हे भारतातले पहिले ठिकाण. पेंचच्या गावांना जमले, ते नरखेडच्या गावांना का जमू नये?

आपण काय करावे?

१. खोलीतून बाहेर पडताना दिवा आणि पंखा बंद करा.

२. दारचा दिवा निजताना बंद करा. बटन हाताशी ठेवा, म्हणजे गरज पडली की लावता येईल.

३. बाहेरच्या दिव्याला वरून झाकण बसवा. तोंड जमिनीकडे करा.

४. बाहेर पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेडाचा एलईडी लावा.

५. दिवा शेजाऱ्याच्या खिडकीत जात असेल, तर त्याची दिशा बदला.

६. गावातले खांबावरचे दिवे दिवसा भर उन्हात जळत असतील, तर ग्रामपंचायतीला सांगा. ते बिल कुठल्या का खात्यातून जाईना, पैसा जनतेचाच आहे. दिव्यांची तोंडे खाली करण्याचा विषय ग्रामसभेत मांडा.

दिव्याच्या खांबाला किंवा तारेला स्वतः हात लावू नका. ते काम वायरमनचे.

करून पाहा

आज तुमच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहा. सात दिवसांनी पुन्हा लिहा. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा. ही झाली आठवड्याची युनिटे. पुढचे सात दिवस वर सांगितल्याप्रमाणे वागा आणि पुन्हा वजाबाकी करा. किती युनिटे वाचली? बिलावर युनिटाचा दर दिलेला असतो. त्याने गुणा. हिशेब घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

आणि थंडीत एका रात्री पोरांना घेऊन अंगणात या. दारचा दिवा मालवा. थोडा वेळ थांबा. मग उगवतीकडे बोट करून म्हणा, "तो पाहा, आपला मृग."