नाताळची भेट आणि साठ कार्बनचा चेंडू

रॉबर्ट कर्ल हे टेक्सासमधल्या एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना नाताळला आईवडिलांनी त्यांना रसायनांचा संच दिला. आठवडाभरातच रसायनशास्त्रज्ञ व्हायचं ठरलं आणि तो निश्चय नंतर कधी डळमळला नाही, असं त्यांनी १९९६ च्या नोबेलनंतर आत्मवृत्तात नोंदवलं आहे. याच उद्योगांत एकदा उकळतं नायट्रिक आम्ल उतू गेलं आणि आईच्या शेगडीचा गुळगुळीत मुलामा कायमचा बिघडला.

अशा आठवणी थोड्या सावधपणेच घ्यायला हव्यात. त्या काळी अमेरिकेत असे संच असंख्य घरांत पोचत. ते मिळालेली बहुतेक मुलं पुढे दुकानदार, वकील, शेतकरी झाली. त्यांच्या लहानपणीच्या भेटीची चौकशी कोणी करत नाही. शिवाय मेंदू आठवण जशीच्या तशी जपत नाही. ती दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि पुढे काय घडलं याचा रंग तिला चढतो. म्हणून एका खेळण्यातून शास्त्रज्ञ घडला असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण खेळण्याने हाताला लागलेलं वळण मात्र कामात दिसतं. कर्ल यांच्या गाजलेल्या शोधातच त्याचा पुरावा आहे.

सप्टेंबर १९८५. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात कर्ल, रिचर्ड स्मॉली आणि इंग्लंडहून आलेले हॅरी क्रोटो विद्यार्थ्यांसह ग्रॅफाइटवर लेझर मारून कार्बनची वाफ करत होते. वाफ हेलियममध्ये थंड झाली की तयार झालेल्या रेणूंची वजनं मोजायची. त्यात ७२० या वजनाचे रेणू वारंवार, ठळकपणे दिसू लागले. कार्बनच्या अणूचं वजन १२, म्हणजे रेणूत अणू ६०. पण साठच का? ग्रॅफाइटच्या सपाट तुकड्याच्या कडेला अणूंचे मोकळे बंध उरतात आणि ते शेजारच्या कशाशीही जोडले जातात. हा रेणू तर स्थिर होता. त्याला कडाच नसाव्यात.

इथे आणखी एक खेळणं मदतीला आलं. क्रोटो लहानपणी मेकॅनो या जोडणीच्या खेळात रमलेले. मोठेपणी त्यांनी आपल्या मुलांसाठी आकाशाचा नकाशा छापलेला पुठ्ठ्याचा गोल जोडला होता. त्यात षटकोनांबरोबर पंचकोनही होते, हे त्यांना आठवलं. स्मॉली यांनी रात्री घरी कागदाचे षटकोन कापून चिकटवले, पण नुसत्या षटकोनांचा गोल मिटेना. पंचकोन मिसळले आणि तो मिटला : १२ पंचकोन, २० षटकोन, ६० कोपरे. पारंपरिक फुटबॉलवरच्या शिवणीची नेमकी हीच रचना असते. प्रत्येक कार्बनचे चारही बंध त्यात जुळतात की नाही, याचीही तपासणी झाली. ते जुळत होते. नोव्हेंबरमध्ये ‘नेचर’ने शोधनिबंध छापला आणि घुमटांचे रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्यावरून रेणूचं नाव पडलं बकमिन्स्टरफुलरीन.

हाताला असं वळण लावायला महागडा संच लागत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांचा जणू स्वस्त मेकॅनोच तयार केला. काड्यांचा त्रिकोण घट्ट उभा राहतो, चौकोन लगेच तिरका होतो, हे त्यात बोटांनाच कळतं.

नाताळच्या सुट्टीत घरी करून बघावं. साठ अणूंच्या चेंडूला लागतील ९० काड्या आणि तीन तोंडांचे ६० सांधे. सगळं बरोबर जोडूनही तो चेंडू दबेल, वाकडा होईल, कारण त्यात एकही त्रिकोण नाही आणि रबराचा सांधा कोन धरून ठेवत नाही. स्मॉलींचा कागदी गोल टिकला तो कागदाच्या सपाट पृष्ठांमुळे. कार्बनचा रेणू टिकतो, कारण त्याचे बंध ठरावीक कोनांतच राहू पाहतात. काड्यांचा चेंडू बसला म्हणून मूल खट्टू झालं, तर उत्तर सांगायची घाई करू नये. त्याच्या हातात आणखी काड्या आणि थोडा कागद द्यावा.