महाराष्ट्रातील तंबाखूसेवन आणि नियमनाच्या मर्यादा

पाश्चात्त्य देशांत तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः सिगारेटचा प्रश्न होय. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने चघळावयाच्या व दातांना लावावयाच्या तंबाखूचा आहे. शासकीय उपायांच्या यशापयशाचे मूल्यमापन करताना हा भेद नजरेआड करून चालत नाही.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी २००९-१० व २०१६-१७ या वर्षी झाली. १५ वर्षे व त्यावरील लोकसंख्येत तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण या अवधीत भारतात ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर, तर महाराष्ट्रात ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आले. तथापि या घटीचे पृथक्करण केले असता निराळेच चित्र दिसते. महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर, म्हणजे दोन-पंचमांशांहून अधिक उतरले. धूररहित तंबाखूचे प्रमाण मात्र २७.६ वरून २४.४ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे एक-नवमांशानेच घटले. (दोन्ही प्रकारांचे सेवन करणारे काही लोक असल्याने या आकड्यांची बेरीज एकूण प्रमाणाहून अधिक भरते.)

या तफावतीचे एक कारण नियमनाच्या स्वरूपात शोधावे लागते. १९७५ च्या कायद्याने केवळ सिगारेटच्या वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या कायद्याने सर्व तंबाखूजन्य पदार्थांची जाहिरात व अज्ञानांस विक्री यांवर निर्बंध घातले; परंतु सार्वजनिक स्थळांविषयीचे त्याचे कलम धूम्रपानापुरतेच राहिले. या कलमामागे शेजाऱ्यास धुराचा उपसर्ग होऊ नये हे तत्त्व आहे. चघळलेल्या तंबाखूचा धूर होत नाही. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यावर येणारे सामाजिक दडपण तिच्या सेवकावर येत नाही. वेष्टनावरील सचित्र इशारा २०१६ पासून ८५ टक्के भागावर आला. पण सुटी तंबाखू घेऊन चंचीत ठेवणाऱ्याच्या दृष्टीस तो पडेलच असे नाही.

विशिष्ट पदार्थांवर घातलेल्या बंदीलाही अशीच मर्यादा पडली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या तरतुदींखाली गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर पानमसाला व तंबाखू निरनिराळ्या पुड्यांत विकण्याची प्रथा वाढली, आणि पूर्वी कारखान्यात होणारे मिश्रण ग्राहकाच्या तळहातावर होऊ लागले. मिश्रीचे उदाहरण याहून बोलके आहे. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच मनाई केली. परंतु तव्यावर भाजून घरीच कुटलेल्या मिश्रीपर्यंत उत्पादकावर घातलेली बंदी पोहोचू शकत नाही. शिवाय मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रियांच्या लेखी ते व्यसन नसून दात घासण्याचा नित्यक्रम असतो. ज्यास व्यसन मानलेच जात नाही, ते सोडण्याचा प्रयत्नही होत नाही.

सारांश, शासकीय उपाय निष्फळ ठरले असे म्हणता येत नाही. जेथे सवय लोकांच्या नजरेस पडते व माल बांधीव वेष्टनात येतो, तेथे त्यांची पकड अधिक घट्ट असते. घरगुती व सुट्या तंबाखूच्या बाबतीत कायद्याइतकेच महत्त्व दंतवैद्य, प्राथमिक आरोग्य केंद्र व प्रसूतिपूर्व तपासणी यांस येते, कारण मुखाच्या कर्करोगाची व गर्भाच्या अपुऱ्या वाढीची जोखीम तेथेच व्यक्तिशः समजावून देता येते. पुढील पाहण्यांत तंबाखूसेवनाच्या एकूण प्रमाणापेक्षा प्रकारवार व स्त्री-पुरुषवार आकड्यांकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष देणे इष्ट होय.