गळासाठी जिवंत खेकडे

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला असलेल्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत मृगाच्या सरी स्थिरावल्या, की उन्हाळाभर खोल बिळांत दडून राहिलेले गोड्या पाण्यातील खेकडे ओहोळांत, भातखाचरांच्या बांधांवर आणि रात्री तर थेट रस्त्यांवर येऊ लागतात. महादेव कोळी, ठाकर, कोकणा अशा समाजांतील माणसे बॅटरीच्या उजेडात जे खेकडे धरतात, किंवा काठीला कोंबडीची आतडी बांधून बिळाबाहेर काढतात, त्यांतील बहुतेक रश्श्यासाठी चुलीवर जातात; लहान आकाराचे काही मात्र गळाला लावण्याचे आमिष म्हणून बाजूला ठेवले जातात. असे खेकडे दोन-चार दिवस जगवणे वरवर सोपे वाटते, परंतु बादलीभर पाण्यात टाकून झाकण लावलेले खेकडे पुष्कळदा सकाळपर्यंत मरून जातात, आणि पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच का मरावा याचे उत्तर त्याच्या श्वसनाच्या रचनेत सापडते.

खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो. हे कल्ले पाठीच्या कठीण कवचाखाली, दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत असतात आणि तोंडाजवळच्या पंख्यासारख्या हालणाऱ्या अवयवांमुळे त्यांच्यावरून पाणी सतत वाहत राहते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून रक्तात शिरतो, व तेथे तो वाहून नेण्याचे काम हिमोसायनिन हे तांबेयुक्त द्रव्य करते, ज्यामुळे खेकड्याच्या रक्ताला निळसर छटा येते. वाहत्या ओढ्यात ही व्यवस्था उत्तम चालते. बंद बादलीत मात्र पाण्यातील प्राणवायू लवकर संपतो आणि शरीराबाहेर टाकला जाणारा अमोनिया त्याच पाण्यात साचत जातो. त्यात पाणी तापले तर संकट दुहेरी होते, कारण समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांवर हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे खेकड्याची प्राणवायूची गरज वाढलेली असते.

याउलट सह्याद्रीतील खेकड्यांना ओलसर हवेत श्वास घेण्याची देणगी मिळालेली आहे. बिळात राहणाऱ्या या प्राण्यांच्या कल्ल्यांभोवतीची पोकळी प्रशस्त असते, आणि कल्ले ओले आहेत तोवर पाण्याबाहेरही त्यांचे काम चालू राहते. हवेत ठेवलेल्या खेकड्याच्या तोंडाशी जो फेस दिसतो तो रागाचा नसून, कवचाखाली उरलेले पाणी पुनःपुन्हा फिरवताना त्यात हवा मिसळल्याने आलेला असतो. फेस वाढू लागला, की ओलावा कमी पडत असल्याचे समजावे. म्हणूनच आमिषाचे खेकडे जगवण्याचा सारा विचार एका गोष्टीभोवती फिरतो: खेकडा बुडवून ठेवायचा नसतो, भिजलेला ठेवायचा असतो.

त्यासाठी बांबूची पाटी किंवा बाजूंना भोके पाडलेला पसरट डबा घेऊन त्याच्या तळाशी ओले गोणपाट अंथरावे, त्यावर खेकडे विरळ ठेवावेत आणि वर पुन्हा ओल्या गोणपाटाचा अथवा सागाच्या ओल्या पानांचा थर द्यावा. पाटी सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा जागी ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. हे पाणी शक्यतो त्याच ओढ्याचे असावे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना अपायकारक असतो, आणि नळाचेच पाणी वापरणे भाग असेल तर ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच घ्यावे. खाडीतील मोठे खेकडे बाजारात जिवंत पाठवताना त्यांच्या नांग्या सुतळीने बांधून ते ओलसर वेष्टनात भरतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

मृत्यूचे दुसरे कारण खेकडे स्वतःच असतात. कात टाकलेल्या, म्हणजे जुने कवच उतरवून नव्या मऊ अंगाने बसलेल्या खेकड्यावर इतर खेकडे तुटून पडतात व त्याला खातात, म्हणून मऊ खेकडा हाताला लागताच वेगळा करावा आणि लहान-मोठे एकत्र कोंडू नयेत. मेलेला खेकडा फार लवकर कुजतो, तो तासाभरासाठीही आत राहू देऊ नये. तीन-चार दिवसांसाठी अन्न देण्याची गरज नसते. दिलेले अन्न सडून जितकी हानी करते तितकी उपासाने होत नाही. खेकडा उचलताना पायाला धरून ओढला तर तो पाय सोडून देतो, आणि तुटलेला पाय पुढच्या कातींमधून पुन्हा येत असला तरी जखमी खेकडा फार टिकत नाही. तेव्हा पाठीमागून, कवचाच्या दोन्ही कडांना धरणे योग्य.

इतका खटाटोप करण्याचे कारण माशांच्या सवयीत आहे. मरळ आणि अहेर हे शिकारी मासे खेकडे खातात, तर महाशीर, ज्याच्या दख्खनी जातीचे वर्णन साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरून केले, त्याच्या जबड्यात दात नसूनही घशातील भक्कम दातांनी तो खेकड्याचे कवच चुरडतो. गळाला लावलेला जिवंत खेकडा तळाच्या दगडांकडे सरपटू पाहतो, आणि ही हालचाल माशाला खेचून आणते. गळ कुठे टाकावा याला मात्र मर्यादा आहेत: धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, आणि पाणथळ जागांच्या रामसर यादीत असलेले नांदूर मधमेश्वर हे अभयारण्य आहे.

या सगळ्यापेक्षा अधिक काळजीचा विषय खेकड्यांच्या माद्यांचा आहे. समुद्री खेकड्याची मादी लक्षावधी अंडी देते व त्यांतून पाण्यावर तरंगणाऱ्या अळ्या निघतात. गोड्या पाण्यातील मादी मात्र मोजकी, मोठी अंडी पोटाखाली दुमडलेल्या झडपेत सांभाळते, त्यांतून थेट इवले खेकडेच बाहेर येतात आणि काही काळ आईलाच चिकटून राहतात. अशी एक मादी पाटीत गेली, की त्या ओहोळातील एक पिढीच जाते. मादी ओळखणे अवघड नाही, कारण नराच्या पोटाखालची झडप अरुंद व त्रिकोणी असते, तर मादीची रुंद व गोलसर. अंडी किंवा पिल्ले असलेली मादी जेथे सापडली तेथेच सोडली पाहिजे, यात तडजोड नसावी.

उरलेले खेकडे कोठे सोडावेत, हा प्रश्न नाशिकमध्ये विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण हा जिल्हा जलविभाजकावर बसलेला आहे. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी बंगालच्या उपसागराकडे जाते, तर त्याच परिसरातून निघणारी वैतरणा आणि पेठ-सुरगाण्याकडील दमणगंगा, पार या नद्या अरबी समुद्राला मिळतात. तरंगणाऱ्या अळ्याच नसल्याने गोड्या पाण्यातील खेकडे दूरवर पसरत नाहीत आणि कित्येक जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्याच सीमित असतात. २०१६ साली समीरकुमार पती, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने उत्तर सह्याद्रीतून एकदम पाच नव्या जातींचे वर्णन केले, यावरून या प्रदेशातील किती जीवन अजून नोंदीबाहेर असू शकते याची कल्पना येते. अशा स्थितीत पेठच्या ओढ्यात धरलेला खेकडा गंगापूर धरणाच्या काठावर सोडून देणे हा दयाभाव नव्हे: त्याच्यासोबत परकी जात व तिचे रोग दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकतात. लागतील तेवढेच, परिचित व मुबलक जातीचे खेकडे धरावेत, रंगीबेरंगी लहान डोंगरी खेकड्यांना हात लावू नये, आणि शिल्लक राहिलेले परत त्याच ओहोळात नेऊन सोडावेत. ते शक्य नसेल तर रात्रीच्या रश्श्यात घालावेत.